घरी मायक्रोस्कोप बनवला, त्याची सगळी हकीकत

ओळखीतले बरेच जण विचारतात की ताई तो मायक्रोस्कोप खरंच घरी बनवला का, खर्च किती आला, आम्हाला जमेल का, तर एकदाच सगळं नीट लिहून काढते. मी इंदूरला एका लहान पॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, युरिन, मलेरियाच्या स्लाइडी हेच काम, आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या लेन्सला, डोळे लावून कितीतरी वर्षं गेली. आणि हा मायक्रोस्कोप मी आणि माझ्या भाच्याने मिळून बनवलाय. तो मेकॅनिकल इंजिनियरिंगला आहे. मशीनचं त्याला कळतं, स्लाइडवर काय दिसायला पाहिजे ते मला कळतं, अशी आमची जोडी जमली आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी एकट्याने कोणाला हे इतक्या लवकर जमलं नसतं.

झालं असं की आमच्या लॅबचा जुना मायक्रोस्कोप स्टेजपाशी, म्हणजे स्लाइड ठेवायच्या जागेपाशी, झिजला. स्टेज पुढेमागे करणारी दातेरी पट्टी आणि तिच्यावरचं छोटं चाक असतं नं, ते घासून गेलं, फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, जागेवर थांबेचना, शंभर पेशी मोजायच्या तर मधेच स्टेज आपोआप सरकायची. कंपनीच्या माणसाने येऊन बघितलं आणि म्हणाला हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, नवीन घ्या. मला त्या गोष्टीचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पितळेचा एवढासा तुकडा आणि त्याच्यापायी आख्खा मायक्रोस्कोप बाद, ज्याच्या ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडच्या लेन्सा, अजून लख्ख आहेत. त्या तुकड्याचं ड्रॉइंग कोणी देतं तर इंदूरमधल्या कोणत्याही लेथवाल्याने तो दुपारपर्यंत करून दिला असता. पण ड्रॉइंग कंपनीच्या घरात आणि मशीन आमच्या टेबलावर. डॉक्टरसाहेबांनी मग नवीन घेतला आणि जुना मला म्हणाले तुम्ही घेऊन जा ताई, तुमचाच आहे तो. माझ्याकडे अशा रीतीने १०एक्स, ४०एक्स आणि १००एक्स ऑइल (तेलाचा थेंब लावून वापरायची) अशा तीन चांगल्या ऑब्जेक्टिव्ह आल्या, ज्यांना धरायला स्टँड नव्हता.

ह्याच्या आधी मला एवढं माहीत होतं की विज्ञानाची काही साधनं लोक स्वस्तात बनवतात. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमधे फोल्डस्कोप हातात आला होता, कागदाची घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप. मनु प्रकाश, जे आयआयटी कानपूरहून शिकून पुढे स्टॅनफोर्डला प्रोफेसर झाले, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो काढला, २०१४ मधे त्यावरचा पेपर आला आणि त्यात सगळ्या सामानाची किंमत एका डॉलरच्या आत दाखवली होती. नंतर आपल्या डीबीटीनेही, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने, तो भारतातल्या शाळा-कॉलेजांपर्यंत नेला. त्याच ग्रुपचा पेपरफ्यूज २०१७ चा, धाग्यात ओवलेलं बटण दोन्ही हातांनी ओढून गरगर फिरवायचं आपलं लहानपणचं खेळणं, त्याच तत्त्वावर कागदाची चकती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेते आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा होतो, खर्च २० सेंट. मी रोज तीन-साडेतीन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) सिरम वेगळं करणारी बाई, तो आकडा वाचून मी उठून कपाटातून बटण आणि दोरा काढला होता. अर्थात कॅपिलरीतल्या, म्हणजे केसासारख्या बारीक नळीतल्या, थेंबाचं काम वेगळं आणि आमच्या मोठ्या ट्यूबांचं वेगळं, पण ज्या गावात लाइट नाही तिथे ती चकती केवढी मोठी गोष्ट आहे.

तर फोल्डस्कोप मला आवडतो, तळ्याच्या पाण्याला, पानाफुलांना मस्तच आहे, पण ब्लड स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पातळ पसरलेला रक्ताचा थेंब, शांतपणे फील्ड बाय फील्ड बघायला स्टेज लागते, बारीक फोकस लागतो, ऑब्जेक्टिव्ह बदलता यायला पाहिजे. भाच्याला म्हटलं की माझ्याकडे लेन्सा आहेत, तू मला फक्त स्टँड करून दे. त्याने शोधून काढलं ते ओपनफ्लेक्शर.

ओपनफ्लेक्शरची सुरुवात इंग्लंडात केंब्रिजला झाली, रिचर्ड बोमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने केली, नंतर ते काम बाथला आणि पुढे ग्लासगोला गेलं. २०१६ मधे स्टेजवरचा पहिला पेपर आला. टांझानियात इफाकारा नावाची आरोग्य संशोधन संस्था आहे, तिच्याबरोबर मलेरियाच्या कामासाठी त्यांनी हा मायक्रोस्कोप पुढे नेला आणि तिथल्याच स्थानिक लोकांनी तो तिथेच बनवला, बाहेरून पेटीबंद पाठवला नाही. सगळ्या फाइली फुकट, जोडणीच्या सूचना फोटोसकट फुकट, सॉफ्टवेअर फुकट, आणि लायसन्स असं की तुम्ही बनवून विकलात तरी चालेल, फक्त डिझाइनमधे जे बदल कराल ते तसेच खुले ठेवा. हे मी दोनदा वाचलं, कारण आमच्या धंद्यात साध्या अॅनालायझरचा सर्व्हिस मॅन्युअलसुद्धा कोणी दाखवत नाही.

आता ह्यातली मुख्य युक्ती काय आहे ते सांगते कारण ती समजली की बाकी सगळं सोपं आहे. आपल्या नेहमीच्या स्टेजमधे धातूवर धातू घसरतो, म्हणून तो झिजतो, ढिला पडतो. इथे काहीच घसरत नाही. शाम्पूच्या बाटलीचं झाकण असतं नं, जिथे प्लॅस्टिक पातळ केलेलं असतं आणि ते हजारो वेळा वाकतं, तसेच पातळ सांधे ह्याच्या पायांना आहेत, आणि स्टेज त्या सांध्यांच्या वाकण्यावर हलते. आख्खी बॉडी थ्रीडी प्रिंटरवर एकाच तुकड्यात निघते. खालून स्क्रू फिरला की तरफेसारखा पाय ढकलला जातो आणि वर स्टेज अगदी किंचित सरकते. मोटरच्या एका स्टेपमधे ती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या भागाहूनही कमी हलते, आणि एक लाल पेशी साडेसात मायक्रॉनच्या आसपास असते म्हणजे बघा. जिथून आमचा जुना मायक्रोस्कोप गेला तेच दुखणं ह्याच्यात मुळातून काढून टाकलंय, म्हणून मला तो पहिल्यापासून पटला.

प्रिंटर भाच्याच्या मित्राकडे होता. पीएलए नावाच्या प्लॅस्टिकच्या तारेचा, म्हणजे फिलामेंटचा, काळा रोल आणला. सूचनांमधे लिहिलंय की आधी फक्त एक पाय छापून बघा, तो वाकवून बघा, सांधा तुटला नाही तरच बॉडी छापा. हे कृपा करून करा, कारण बॉडी छापायला जवळजवळ आख्खी रात्र जाते. आम्ही पावसाळ्यात काम काढलं होतं आणि पहिल्या पायाचा सांधा वाकवल्याबरोबर थर सुटले. भाचा म्हणाला मावशी, फिलामेंटने दमट हवा पिऊन घेतलीय, ऐक, छापताना तडतड आवाज येतोय. खरंच येत होता. मग रोल सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवला, आमच्या लॅबमधे किटांबरोबर ती पुडकी ढीगभर येतात, नॉझलचं टेंपरेचर थोडं वाढवलं आणि पुढचा पाय असा निघाला की वाकवून वाकवून आपला हात दुखेल पण तो तुटणार नाही. मग बॉडी रात्रभर लावली, इन्व्हर्टरवर, कारण मधे लाइट गेली तर सगळं वाया. सकाळी ती बेडवरून उचलली तेव्हा अजून कोमट होती. आत काही बारीक धागे मुद्दाम छापलेले असतात, छापताना पाय डुगडुगू नयेत म्हणून, ते नंतर कटरने कापायचे असतात. ते कापल्यावर स्टेज बोटाने दाबली आणि ती हलली, आणि सोडल्यावर आपल्या जागी परत आली. मी तेव्हाच म्हटलं हे होणार.

एक मात्र सांगून ठेवते, पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत तेवढं सहज होतं. छापलेले पार्ट डिकीत ठेवून बाजारात फिरू नका.

सामान गोळा करणं हा खरा कामाचा भाग. मोटरा ट्वेंटीएट बीवायजे फॉर्टीएट नावाच्या, पाच व्होल्टच्या, त्या जेल रोडला मिळाल्या, सोबत यूएलएन२००३ चा ड्रायव्हर बोर्ड, दोन्ही मिळून शे-दीडशे रुपयांत एक जोडी, तशा तीन घेतल्या, एक्स, वाय आणि झेड. ह्या मोटरा तीच आहेत ज्या एसीच्या झडपा हलवायला वापरतात, म्हणून इतक्या स्वस्त. अर्दुइनो नॅनो, मोटरांना हुकूम देणारा छोटा बोर्ड, भाच्याकडे होताच. ओपनफ्लेक्शरवाल्यांचा स्वतःचा संगाबोर्ड म्हणून बोर्ड आहे, तो मागवता येतो, पण नॅनो आणि तीन ड्रायव्हर जोडूनही चालतं, त्याने तसंच केलं. एलईडी, रेझिस्टर, वायरी ह्याचं काही सांगण्यासारखं नाही, कुठेही मिळतात.

अडलं ते स्क्रूपाशी. ह्याला एम३ चे २५ मिलिमीटर लांब हेक्स हेडवाले स्क्रू लागतात, पूर्ण आट्यांचे, कारण गिअरमधे सहा कोनी खाच आहे आणि स्क्रूचं डोकं तिच्यात बसतं. सियागंजात जिथे जाऊ तिथे ॲलन बोल्ट. दुकानदार म्हणे, दीदी यही ले जाओ, सब यही लेते हैं। पण ॲलनचं डोकं गोल, ते खाचेत नुसतं फिरत राहणार. शेवटी एका जुन्या दुकानात आजोबांनी मागच्या खोक्यातून काढून दिले आणि पितळेच्या नटाही दिल्या. नट पितळेचीच पाहिजे, लोखंडी स्क्रू पितळेत गुळगुळीत फिरतो. ओ रिंगा, म्हणजे रबरी गोल कड्या, ऑइल सीलच्या दुकानात मिळाल्या, ३० मिलिमीटर आतला व्यास आणि २ मिलिमीटर जाडी, वायटन मागा, साधं रबर लवकर चिरतं. आजोबांनी विचारलं कशाला पाहिजे एवढं मोजूनमापून, मी म्हटलं मायक्रोस्कोप बनवतोय, तर त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बन जाए तो दिखाना।

ओ रिंग बसवणं हा सगळ्यात चिकाटीचा टप्पा आहे, तिथे घाई करू नका. प्रत्येक स्क्रूच्या खांबाला दोन बाजूंनी ओ रिंग ताणून अडकवायची असते, त्यासाठी एक छोटं हत्यारही छापून घ्यायचं असतं, ते हत्यार रिंग वर ढकलतं आणि हुकात अडकवून बाहेर येतं. ही रिंग खांबाला सारखी एकाच बाजूला ओढून धरते, म्हणून नट आणि स्क्रूमधे जी ढिलाई असते ती कधी जाणवतच नाही, स्टेज उलट्या दिशेला फिरवली तरी धक्का बसत नाही. स्क्रूला आधी तेलाचा थेंब द्या. बसल्यावर गिअर बोटाने फिरवून बघायचा, घट्ट पण गुळगुळीत लागला पाहिजे, कुठे खरखर लागली तर काढा आणि परत बसवा. मी आणि भाचा रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो होतो आणि तीन्ही खांब होईपर्यंत दुपारचं जेवण गार झालं होतं, ताई ओरडत होती आतून. पण ह्या कामाला माझे हात बरोबर निघाले, स्मिअर ओढणाऱ्या हाताला किती दाब द्यायचा ते आपोआप कळतं.

मग आले ऑप्टिक्स, माझ्या जिव्हाळ्याचा भाग. कॅमेरा रास्पबेरी पायचा (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, तोच सगळं चालवतो) व्हर्जन टू, आठ मेगापिक्सेलचा. त्याच्यावरची इवलीशी लेन्स काढायची. स्वस्तातल्या व्हर्जनमधे तीच लेन्स उलटी लावून ऑब्जेक्टिव्ह म्हणून वापरतात आणि शाळेसाठी ते पुरेसं आहे, त्याला दुसरी काही काच विकत घ्यावी लागत नाही. आम्हाला माझ्या ऑब्जेक्टिव्ह लावायच्या होत्या म्हणून मधे एक ५० मिलिमीटर फोकल लेंथची अॅक्रोमॅट लेन्स लागते, अर्धा इंच व्यासाची, रंग फाकू न देणारी. ती इंदूरमधे मिळाली नाही, ऑनलाइन मागवली, यायला वेळ लागला आणि महागही पडली. लेन्स काढलेला सेन्सर उघडा असतो, त्याच्यावर धूळ बसली तर ती प्रत्येक फोटोत दिसणार, म्हणून पंखा बंद करून, दारं लावून, ग्लोव्ह घालून तो भाग मी केला.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी खरं म्हणजे मी एवढं लिहायला बसले. माझी ती पंचवीसेक वर्षं जुनी ऑब्जेक्टिव्ह, जिच्या कंपनीने हात वर केले होते, ती ह्या प्लॅस्टिकमधे छापलेल्या आट्यांत सरळ फिरत गेली आणि बसली. का बसली? कारण लंडनच्या मायक्रोस्कोपवाल्यांच्या सोसायटीने एकोणिसाव्या शतकातच ठरवून टाकलं होतं की ऑब्जेक्टिव्हचे आटे सगळ्यांनी एकाच मापाचे ठेवायचे, ०.८ इंच व्यास, इंचाला ३६ आटे, आणि ते माप सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आरएमएस थ्रेड म्हणतात त्याला. ज्यांनी ते ठरवलं त्यांच्या वेळी ना प्लॅस्टिक होतं ना प्रिंटर. तरी त्या एका उघड्या मापामुळे माझी लेन्स भंगारात गेली नाही, आणि स्टेजच्या पट्टीचं माप कोणी उघडं केलं नाही म्हणून स्टेज गेली. दोन्ही गोष्टी एकाच मशीनवर होत्या. खुल्या डिझाइनचं महत्त्व मला ह्याच्याहून जास्त कशातून कळलं नाही.

सॉफ्टवेअर भाच्याने केलं, रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर त्यांचं तयार सॉफ्टवेअर टाकायचं, लॅपटॉपला वायफायने जोडायचं, बाण दाबले की स्टेज सरकते. तिथे फार वेळ गेला नाही. पहिल्यांदा चित्र आलं ते मधे गुलाबी आणि कडेला हिरवट, मी घाबरले नाही कारण सूचनांमधे हे लिहिलेलं होतं, कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या मूळच्या लेन्ससाठी बनवलेला असतो, ती काढली की कडेचे रंग बिघडतात. रिकामी जागा समोर धरून कॅलिब्रेशन दिलं की पांढरं शुभ्र होतं. ऑटोफोकस कसा चालतो ते मला फार आवडलं. झेड मोटर वरखाली फिरते आणि कॅमेऱ्यातून जी जेपेग चित्रं येत असतात त्यांची फक्त साइज बघितली जाते, जे चित्र जास्त शार्प त्यात बारकावे जास्त म्हणून फाइल मोठी, जिथे फाइल सगळ्यात मोठी तिथे फोकस. किती साधं आणि किती हुशार!

आपल्या सवयीच्या मायक्रोस्कोपपेक्षा ह्यात एक मोठा फरक आहे, ऑब्जेक्टिव्ह खालून बघते आणि लाइट वरून पडतो. म्हणजे स्लाइड उलटी ठेवायची, स्मिअर खाली. आमच्या मुलींना लॅबमधे हे सांगितल्यावरही हात सुलटीच स्लाइड ठेवतो, थोडे दिवस लागतात.

मोजमापासाठी न्यूबॉर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघा कोरलेली काच, वापरला. लॅबमधे असणारच, वेगळी मायक्रोमीटर स्लाइड घ्यायची गरज नाही. कोरडा चेंबर रेघा खाली करून ठेवला, मधल्या भागातला सगळ्यात लहान चौकोन एक विसांश मिलिमीटरचा म्हणजे ५० मायक्रॉनचा असतो हे आपल्याला पाठच असतं. तो स्क्रीनवर किती पिक्सेलमधे बसतो ते मोजलं आणि ५० ला त्याने भागलं, झालं, एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन ते आलं. मग स्वतःचं बोट टोचून स्मिअर ओढला, लिशमन नावाच्या स्टेनने रंगवला, दोन मिनिटं नुसता स्टेन आणि मग दुप्पट बफर पाणी घालून ठेवला, नेहमीसारखंच. ४०एक्सखाली माझ्या लाल पेशी मोजल्या तर सात आणि साडेसातच्या मधे आल्या. थोड्या इकडेतिकडे, पण पुस्तकात जे आहे तेच. एक न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशीचा एक प्रकार, मधोमध आला, केंद्रकाचे चार भाग स्वच्छ, मधले धागेसुद्धा. भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा पांढरी पेशी बघितली आणि तो किती वेळ नुसता स्टेज सरकवत बसला होता.

१००एक्स ऑइलला मला शंका होती. ऑइलचा थेंब ऑब्जेक्टिव्हच्या डोक्यावर द्यायचा, खालून वर, आणि थेंब लहान ठेवायचा नाहीतर तो ओघळून प्लॅस्टिकपर्यंत जातो. आमच्याकडे ट्रेनिंगसाठी ठेवलेली एक जुनी फाल्सिपेरमची, मलेरियाच्या एका परजीवीची, स्लाइड आहे, ती लावली. प्रकाश थोडा कमी पडला, कॉन्ट्रास्टही नव्या मायक्रोस्कोपइतका नाही, ते मान्य, पण परजीवीच्या रिंगा दिसल्या. पेशीच्या कडेला चिकटलेली बारीक निळी रिंग आणि तिच्यावरचा लाल ठिपका, एका पेशीत दोन रिंगासुद्धा. मी ह्या रिंगा आयुष्यात खूप बघितल्यात, त्यांच्यावर लोकांची औषधं सुरू केलीत, पण आपण स्वतः जोडलेल्या मशीनमधून ती रिंग दिसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रोनाल्ड रॉसने १८९७ च्या ऑगस्टमधे सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, तेव्हा त्याच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेल्या एकाच आयपीसला तडा गेलेला होता असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या हवेत मशीन असंच वागतं. आमच्याकडेही पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, आणि जो मायक्रोस्कोप चार स्क्रू काढून मोकळा करता येतो तो पुसताही येतो.

हे मात्र ठामपणे सांगते, ह्याच्यावर आम्ही कोणत्याही पेशंटचा रिपोर्ट देत नाही आणि कोणी देऊ पण नये. रिपोर्ट लॅबच्या मायक्रोस्कोपवरच होतात. हा शिकायला, शिकवायला आणि प्रयोगाला आहे. पण शिकवायला म्हणाल तर ह्याच्यासारखं काही नाही. तो आपोआप फील्डमागून फील्ड फोटो काढत जातो, आख्खा स्मिअर स्कॅन होतो, मग आमच्या नवीन मुली त्याच स्कॅनवर वेगवेगळ्या बसून डिफरन्शियल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, करतात आणि कोणी मोनोसाइटला लिंफोसाइट म्हटलं तर तीच पेशी उघडून सगळ्यांसमोर बोलता येतं. पूर्वी मी आयपीसमधून बघायची, मग तिला बघायला सांगायची, तोवर फील्ड हललेलं असायचं.

एकदा सिरपूर तलावाचं पाणी आणलं होतं. तो आता रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२२ पासून, पक्षी बघायला लोक जातात, पाण्यात काय आहे ते फार कोणी बघत नाही. सोसायटीतली मुलं गोळा केली, चित्र टीव्हीवर लावलं. होडीसारखे डायटम, स्प्रिंगसारखी झटकन आकसणारी व्हॉर्टिसेला, आणि एक रोटिफर, तोंडाशी दोन चाकं फिरल्यासारखी दिसतात त्याची आणि पाण्याबरोबर खाणं आत ओढलं जातं. एका मुलीने विचारलं की काकू ह्याला पोट आहे का, आणि तेवढ्यात त्याच्या पोटात हिरवं काहीतरी सरकताना सगळ्यांनी बघितलं. मग तिलाच स्टेजचे बाण दिले.

खर्चाचं सांगते. ऑब्जेक्टिव्ह माझ्या होत्या म्हणून ते सोडून, बाकी सगळं मिळून वीस हजारांच्या आत झालं, त्यात सगळ्यात जास्त रास्पबेरी पाय, कॅमेरा आणि ती अॅक्रोमॅट. प्लॅस्टिक, स्क्रू, मोटरा ह्यांचं तर काहीच नाही. मोटरवर चालणारी स्टेज आणि कॅमेरा असलेला मायक्रोस्कोप बाजारात घ्यायला गेलात तर लाखांत बोलतात. मोटर नको असेल तर गिअर हाताने फिरवायचं व्हर्जनही आहे, ते आणखी स्वस्त.

बिघाडही झालाय. झेडच्या खांबाची एक ओ रिंग काही महिन्यांनी सैल झाली, फोकस हळूहळू खाली उतरायला लागला. दुसरी काढून बसवली, काम तिथल्या तिथे संपलं. एक गिअर पडून फुटला, भाच्याने दुसरा छापून आणला. कोणाला फोन केला नाही, कोटेशन मागवलं नाही.

त्या आजोबांना दाखवायला घेऊन गेले होते. त्यांनी काउंटरवर ठेवून गिअर बोटाने फिरवला, आपलाच स्क्रू ओळखला आणि मला म्हणाले की आणखी पाहिजे असतील तर सांगा, मागवून ठेवतो. पाहिजेतच, कारण माझी एक मैत्रीण महूच्या शाळेत बायॉलॉजी शिकवते, तिच्यासाठी दुसरा बनवतोय, उलट्या लेन्सवाला, ऑब्जेक्टिव्ह न लागणारा. तिला एवढंच सांगितलंय की जोडणी मुलांकडून करून घ्यायची, ओ रिंगासकट. बॉडी छापून झालीय, पायाची टेस्ट चांगली आली, कॅमेरा पुढच्या आठवड्यात येतोय.